पाळीला दिलेला दगड

आमच्या गावात समुद्र होता, हे मला पेपरात वाचून कळलं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी सडक अर्जुनीच्या टपरीवर चहा घेत होते. पानभर बातमी होती: 'पाथरबोडीत सापडला कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री महाकाय.' खाली डॉ. भुवनेश्वर टेंभरे यांचा हसरा फोटो, आणि त्यांच्या तळहातावर एक गोल दगड. टपरीवाला म्हणाला, "म्याडम, तुमचंच गाव ना जी हे?" मी चहा अर्धा टाकून उठले.

मी भूशास्त्र शिकवते. आणि मला राग लवकर येतो, हे वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशीचा राग फुकटचा नव्हता. पाथरबोडीच्या खालचा खडक इतका जुना आहे की तो तयार झाला तेव्हा जगात हाड नावाची वस्तूच नव्हती. मासा नव्हता, बेडूक नव्हता, पाठीचा कणा कुणालाच नव्हता. अशा खडकात मणका सापडणं म्हणजे पणजोबाच्या लग्नाच्या फोटोत नातवाचा मोबाईल दिसणं. एवढं बी.एस्सी.च्या पोराला कळतं. टेंभरे सर तर नागपूरला कुठल्याशा संशोधन मंडळाचे अध्यक्ष होते.

गंमत म्हणजे मणका खरा होता. फोटोतही दिसत होतं. कारखान्यातून कापून आणल्यासारखी गोल चकती, दोन्ही बाजूंनी पणतीसारखी खोलगट. मणका खरा, पत्ता खोटा. आणि त्या खोट्या पत्त्यापायी माझ्या गावाची पाळ अडकली होती.

हे नीट सांगायला हवं. आम्ही कोहळी. तलाव बांधणं हा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग. पाथरबोडीचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला आणि गावाचा सगळा धान त्याच्या पाण्यावर होतो. तलावाला मातीची लांब पाळ आहे, तिला बोलीत आम्ही पार म्हणतो. त्या पाळीच्या पोटातून पाणी सोडायची मोरी यंदा फुटली. म्हणून उन्हाळ्यात गावानं पाळ मधोमध कापली, मोरी नवी बसवली, आणि आता कापलेली जागा माती-दगडांनी भरून काढायची होती. पाण्याच्या अंगाचे काढलेले दगड ढीग घालून ठेवले होते. शेजारच्या गावी लग्नाला आलेले टेंभरे सर तो ढीग बघायला थांबले, आणि त्यात त्यांना दोन मणके दिसले. आठवडा उलटायच्या आत लाल फीत आली, पाटी आली: 'जीवाश्म स्थळ. खोदकाम व भरावास सक्त मनाई.'

भरावाला मनाई. म्हणजे पाळीला भगदाड तसंच राहणार. पावसाळा तोंडावर. तलावात येईल ते पाणी भगदाडातून नाल्याला जाणार आणि गाव धानाच्या कोरड्या बांधीत बसून समुद्राच्या गोष्टी सांगणार. सरांनी पत्रकारांना असंही सांगितलं होतं की इथं लांब मानेच्या त्या प्राण्याचा सिमेंटचा पुतळा होईल, पर्यटक येतील. पर्यटकांना जेवायला काय घालणार होते कोण जाणे.

त्याच दुपारी मी गावी गेले. पाळीवर माझे मोठबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ ईश्वरदास कापगते, फितीच्या अलीकडे काठीवर हनुवटी टेकून बसले होते. तलावाचं पाणी कुणाला किती सोडायचं, ते गावात तेच ठरवतात.

"मोठबाबा, हे काय चाललंय?"

"समुद्र येऊन राहिला मनते," ते म्हणाले. "आपल्याले त तलावच पुरे होता."

"हे दगड इथले नाहीत. कुणीतरी बाहेरून आणून पाळीला दिलेत. तुम्हांला माहीत आहे."

ते माझ्याकडे बघेनात. का ते मला माहीत होतं. आमच्या गावची एक रीत आहे. गाव सोडून कामाला गेलेलं माणूस परत येतं, तेव्हा तिथला एक दगड आणतं आणि पाळीच्या पाण्याकडच्या अंगाला लावतं. लाटा पाळ खातात, म्हणून तिथं दगड लागतोच. शिवाय गाव सोडून गेलास तरी पाळीला विसरला नाहीस, हेही त्यात येतं. आमच्या पाळीत सुरतेचा दगड आहे, हैदराबादचा आहे, भिलाईचा आहे. पण दगड देताना कुणी पाहायचं नाही आणि दिल्यावर कुणाचा ते सांगायचं नाही. नाव घेतलं की दगड सुटतो. आणि दगड सुटला की पाळ सुटते, असं गाव मानतं.

"नाव घेऊ नका. नुसतं एवढं सांगा की बाहेरचे आहेत."

"सांगतलं. सायेब मनते, कोन आनले ते सांगा." मोठबाबांनी काठी आपटली. "तू शिकली ना? तूच सांग त्याले दगडाकडे पाहून. दगडाले त रीत नाई."

म्हातारा बरोबर बोलत होता, आणि त्याचाही मला राग आला.

साहेब म्हणजे जिल्ह्याहून आलेला अधिकारी. बरा माणूस होता, पण सहीला भिणारा. त्यानं मला सांगितलं की येत्या सोमवारी टेंभरे सर येणार आहेत, तेव्हा तुम्हीही या, दोघं समोरासमोर बोला, मी ठरवीन.

मणके साहेबांच्या गाडीत पेटीत होते, ते मी मागून घेतले आणि पाळीवरच बसून पाहिले. हातात घेतल्यावर मात्र माझा राग घटकाभर विसावला. दगड झालेलं हाड हाताला थंड आणि जड लागतं. कडेला बरगडी टेकायचे दोन-दोन उंचवटे होते. वरच्या बाजूला दोन लांबट खाचा, जिथं वरची कमान नुसती टेकलेली असते, जुळून एक झालेली नसते. रुंदी तळहाताएवढी, जाडी जेमतेम दोन बोटं. हा इक्थिओसॉर होता. दिसायला माशासारखा, पण गोत सरपटणाऱ्यांचं. हवेत श्वास घेणारा आणि समुद्रातच पिल्लं देणारा. मान त्याला जवळपास नव्हतीच.

आणि टेंभरे सर म्हणत होते प्लेसिओसॉर. लांब मानेचा. त्याच्या मणक्याची दोन्ही तोंडं जवळजवळ सपाट असतात आणि पोटाच्या बाजूला रक्तवाहिन्यांची दोन बारीक भोकं असतात. ही भोकं म्हणजे त्याची ओळखच. मी मणका उलटा केला. पोटाला चिखल तसाच वाळलेला होता. जगाला बातमी देऊन बसलेल्या माणसानं मणक्याचं पोट पुसलंसुद्धा नव्हतं. मी ओढणीच्या टोकानं पुसलं. भोक एकही नव्हतं. लांब मान पुतळ्याला शोभते म्हणून या जनावराला लांब मान मिळाली होती.

एका मणक्याच्या खळग्यात पिवळट, घट्ट मातीचा गोळा चिकटलेला होता. माझ्या पिशवीत पातळ आम्लाची बाटली असते. थेंब टाकला तर गोळा फसफसला. पाळीच्या ढिगातल्या आमच्या दगडांवर टाकला, काही झालं नाही. गोळ्याच्या तुटलेल्या तोंडात पेन्सिलीसारखी एक दगडी कांडी अर्धवट दिसत होती. माखलीच्या गोतातल्या एका समुद्री जिवाची ती कांडी. असली माती, असल्या कांड्या आणि असले मणके मी शिकत असताना तमिळनाडूत पाहिले होते, अरियलूरच्या बाजूला. चुनखडीच्या खाणी आहेत तिकडे. आणि आमच्या गावची पाच-सहा घरं काही वर्षं तिकडेच खाणीवर कामाला जात होती.

मी त्या घरांच्या दारोदार गेले. गजेंद्रनं सांगितलं, मले माहीत नाई. सुकरामनं सांगितलं, मले माहीत नाई, आणि वर विचारलं, "तू किती वर्षं बाहेर शिकली, तू देल्ला का व दगड?" बाकीच्यांचंही तेच. उद्या पाळ वाहून गेली तरी चालेल, पण तोंडातून नाव जाणार नाही. मला वाटलं, एकेकाला धरून हलवावं.

शेवटचं घर कुंताकाकीचं. ती आणि तिचा नवरा मनिराम दोघंही खाणीवर होते. तिथली धूळ मनिरामच्या छातीत बसली, तो खोकत परत आला आणि वर्षभरात गेला. काकी आता एकटीच दोन बांध्या करते. मी दारात उभी राहिले तेव्हा ती मनिरामच्या फोटोसमोर दिवा लावत होती. ज्यात तेल होतं, ती पणती नव्हती. गोल दगडी चकती होती, खोलगट, काजळीनं काळी पडलेली.

काकीनं माझी नजर पाहिली आणि दिव्यापुढे पदर धरला. पेटलेल्या दिव्यापुढे पदर. मी धावत जाऊन तिचा हात बाजूला केला.

"काकी, हा तिसरा आहे."

"तू कायी पायलं नाईस."

"पाळीतले दोन काकांनी दिले होते ना?"

"पोरी, तू कायी पायलं नाईस मनलं ना." ती खाली बसली. फोटोकडे बघत तिनं सांगितलं. खाणीत सुरुंग उडाला की असले गोल दगड कधीमधी निघत. मनिरामला तीन सापडले, एकमेकांना लागून. दोन पाळीला आणि एक घराला, असं त्यानं ठरवलं. येताना त्याला स्वतःची पिशवी उचलवत नव्हती, पण दगडांची पोतडी कुणाला धरू दिली नाही. "त्याच्यानं पारीसाठी दुसरं कायी झालं नाई," काकी म्हणाली. "तेवढंच देनं रायलं त्याचं. मी नाव घेऊ, आन् तेबी सुटू देऊ?"

मी तिच्यावर ओरडले. ओरडू नये ते ओरडले. म्हटलं, गावाचा धान जाईल, तुझ्या बांध्याही जातील, आणि मेलेल्या माणसाचं देणं धरून बसशील काय. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू सांग ना. तुले त कळलं."  मी सांगू शकत होते. पण ते देणं माझं नव्हतं, तर ते सुटू द्यायचा हक्क मला कुठला? घरी जाताना मला रीतीचा राग होता, काकीचा राग होता, टेंभरे सरांचा तर होताच, आणि या सगळ्यात मनिरामकाकाचा का नव्हता ते कळत नव्हतं.

सोमवारी पाळीवर मांडव घातला होता. साहेब मध्ये, एका बाजूला टेंभरे सर पांढऱ्या टोपीत, आणि फितीपलीकडे अख्खं गाव. बायका मागे, झाडाखाली. मी मणके टेबलावर ठेवले आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. तोंडं खोलगट आहेत, सपाट नाहीत. पोटाला भोकं नाहीत. हा लांब मानेचा नाही. खळग्यातली माती इथली नाही, तमिळनाडूतल्या खाणींकडची आहे. आणि इथला खडक हाडांच्या आधीचा आहे.

टेंभरे सर हसले. "भोकं झिजली असतील. प्राणी कुठला ते आपण नंतर बसून ठरवू, मॅडम. मुद्दा असा की तो इथं सापडला. प्राचीन नदीनं वाहून आणला असेल."

"नदीनं हजार मैल घासत आणला आणि बरगडीचे उंचवटे शाबूत राहिले? मातीचा गोळा शाबूत राहिला?"

साहेबानं कपाळ पुसलं. "मॅडम, बाहेर से आया बोलते हो, तो लाया कौन? कोई तो बोलो."

 सुकराम जमिनीकडे बघत राहिला, गजेंद्र आभाळाकडे. मोठबाबांची काठी स्थिर. माझ्या जिभेवर नाव आलं होतं. मी मागे झाडाखाली पाहिलं आणि ते गिळलं.

तेव्हा टेंभरे सर खुर्चीत मागे रेलून साहेबांना म्हणाले, हळू बोलायचीही तसदी न घेता, "आप ही सोचिए. मजदूर आदमी है, हजार मील से आएगा, तो पैसा लाएगा, मोबाईल लाएगा. पत्थर ढोके कायको लाएगा? इन लोगों को इतनी समझ होती तो बात ही क्या थी."

 मी बोलणार तोच झाडाखालची बाई उठली. कुंताकाकी फितीखालून वाकून आली. हातात सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पोतडी, तिच्यावर तमिळ अक्षरं छापलेली. तिनं पोतडीतून काळा पडलेला मणका काढला आणि टेबलावर ठेवला. तेलाचा डाग साहेबांच्या कागदावर पसरला.

"सायेब, तुमी इचारलं, दगड कायले आनन," ती टेंभरे सरांना म्हणाली.  "पारीले द्याले आनला. आमाले समज नाई मनता. छातीत धूळ भरली होती, दोन पावलं चालवत नोयतं, तरी खांद्यावर घेऊन आला. तुमी पारीले काय देल्लं? फीत देल्ली."

तिनं काळा मणका त्यांच्यापुढे सरकवला.

"माह्या मानसानं आनला," ती म्हणाली. आणि लग्नाच्या दिवसानंतर जे नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, ते सगळ्या गावासमोर घेतलं. "मनिराम. मनिरामनं आनला."

बायकांमधून कुणाचातरी हुंदका आला. मी तिसरा मणका उचलला.  त्याच्या खालच्या खळग्यात, जिथं काजळी पोचली नव्हती, तसाच पिवळट गोळा होता, तुटलेला. मी तो पाळीतल्या मणक्याच्या गोळ्याला लावला. दोन्ही तुटकी तोंडं एकमेकांत बसली. दगडी कांडीचा अर्धा तुकडा एकात होता, अर्धा दुसऱ्यात, आणि आता कांडी अखंड दिसत होती. मी ती जोडी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, परत लावून पाहिली, मग पोतडीवरची अक्षरं पाहिली.

"फीता निकालो," ते म्हणाले.

टेंभरे सरांना वाईट वाटलं असेल असं समजू नका. त्यांनी लगेच सूर बदलला. हे तिन्ही नमुने फार महत्त्वाचे आहेत, संग्रहालयात हवेत, मी आजच घेऊन जातो. मी विचारलं, खाणीतला नेमका थर माहीत आहे का? नाही. मग शास्त्राला यातून मिळायचं ते मापांत आणि फोटोंत मिळेल, ती मी घेतली आहेत, तुम्हांला पाठवते. सर म्हणाले, "गाववाल्यांना याचा काय उपयोग?" मोठबाबा पहिल्यांदाच बोलले. "पारीले देल्लेला दगड वापस जात नाई जी."

सर गेले. पण गाव पाळीवरच उभं होतं, आणि कुणाच्याही तोंडावर आनंद नव्हता. नाव घेतलं गेलं होतं. दगड सुटला होता. भगदाड भरायला माती तयार होती, ट्रॅक्टर तयार होता, आणि एकही माणूस फावड्याला हात लावेना. माझा पुन्हा भडका उडाला. एवढं सगळं झाल्यावर आता हे? मी म्हटलं, "दगड दगडासारखा असतो. नाव घेतल्यानं त्याचं वजन कमी होत नाही."

"दगडाचं नाई होत," मोठबाबा म्हणाले. "देन्याचं होते." मग ते कुंताकाकीकडे वळले. "कुंता, सुटलेला दगड पुन्हा देता येते. पन गावाबाहेरून आनला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं कुंताकाकी मणक्यांची पोतडी घेऊन अर्जुनी मोरगावला गेली. तिथं तिचं काही काम नव्हतं. स्टँडवर बसली, चहा प्याली असेल. दुपारच्या गाडीनं परत आली. आम्ही सगळे पाळीवर होतो. गाडीचा आवाज फाट्यावर आला तसे मोठबाबा उठले आणि तलावाकडे पाठ करून उभे राहिले. मग सुकराम, गजेंद्र, बायका, ट्रॅक्टरवाला. सगळं गाव शेतांकडे तोंड करून उभं राहिलं.

मी एकटी उरले. मला बघायचं होतं. कुठल्या जागी, कुठली बाजू वर. हे माझं शिक्षण आहे, बघणं हेच माझं काम आहे. तो माणूस हजार मैलांवरून खोकत जे घेऊन आला, त्याची जागा जगात कुणालाच ठाऊक नसावी, याचा मला आताही राग येत होता. पावलं जवळ आली. मीही शेतांकडे वळले.

मागून दगडावर दगड टेकल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग जरा थांबून, पुन्हा. घरातला दिवाही तिनं पाळीला दिला होता.

संध्याकाळपर्यंत भगदाड भरलं.

पंधरवड्यानं टेंभरे सरांचा फोन आला. कुठल्याशा परिषदेत त्यांना इक्थिओसॉरवर बोलायचं होतं. आता तो त्यांना पहिल्यापासून इक्थिओसॉरच वाटत होता. नमुने एकदा पाहायला मिळतील का, असं त्यांनी अगदी गोड विचारलं.

"पाळीत आहेत, सर."

"पाळीत नेमके कुठे?"

"ते नाही पाहिलं," मी म्हणाले. "माझी पाठ होती."